अर्थ लागत नाही

वेल्डिंगच्या आधी गंज काढावा.

बायकोने काढला, पार चकचकीत होईपर्यंत. नवरा पलीकडे पट्ट्या कापत होता. दोघांत अबोला. काल बेकरीवाला आला, जुन्या रॅकचा सांधा पाहून हरखला, हा कुणी मारला म्हणाला. आणि नवरा बेधडक म्हणाला, मीच. मारला होता तिने. तो पट्ट्या कापायचा आणि मशीनच्या वायरी जोडायचा. आता कबूल केल्याशिवाय ती त्याच्याशी बोलणार नव्हती.

रॉड सादळलेला नसावा.

नव्हता. तिने तो होल्डरमध्ये धरला, तोंडासमोर काच घेतली, रॉड टेकव—

चिकटला.

करंट थोडा वाढवला. टेकव—

फुस्स.

आणखी थोडा. टेकव— ठिणगी आली, नाक मुरडून गेली.

(मशीनची एक वायर रॉडला जाते, दुसरी चिमट्याने लोखंडाला. ह्या दुसरीला दुकानात अर्थ म्हणतात. चिमटा उघड्या लोखंडावर हवा. नवऱ्याने तो पट्टीच्या रंग असलेल्या टोकाला लावला होता, तिथून करंट नीट जात नाही. मुद्दाम. तिने चिडून विचारावं, म्हणजे अबोला तिने मोडला असं होईल.)

(तिला हे पहिल्या ठिणगीलाच कळलं होतं.)

म्हणून तिने सावकाश काच पुसली. रॉड बदलला. हातमोजे काढून पुन्हा घातले. नवरा शीळ घालत राहिला.

तेवढ्यात बेकरीवाला दारात. नवा रॅक दुपारी हवा होता, आणि इथे तर नुसती मांडामांड. अडलंय कुठे, त्याने तिला विचारलं.

"अर्थ लागत नाही."

"कशाचा?"

"ह्यांच्या कालच्या बोलण्याचा."

शीळ थांबली. बेकरीवाल्याने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने हातातल्या पट्टीकडे. पट्टीला काही सुचेना.

"तो सांधा हिचा होता," नवरा शेवटी म्हणाला. "मी नुसती वायर जोडली."

बेकरीवाला म्हणाला की वहिनींचाच असणार हे त्याला कालच वाटलं होतं. ज्याला पट्टी सरळ कापता येत नाही तो सांधा काय सरळ मारणार.

नवऱ्याने मुकाट्याने कानशीने रंग खरवडला, चिमटा हलवला. तिने रॉड टेकवला आणि ह्या वेळी तो न चिकटता, न विझता, तळणीसारखा चरचरत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेला.

तिने काच वर केली. बेकरीवाला सांध्यावर वाकला होता. नवरा उगाच घसा खाकरून तिच्या जवळ आला.

"पुढची कशी कापू?" त्याने तिला विचारलं.

"सरळ," ती म्हणाली.