पारूबाईंची मधुमालती

उदगीरच्या आगारात तीस वर्षं कंडक्टरकी करून लिंबाजी घरी बसले होते. खचाखच भरलेल्या गाडीत लेकुरवाळीला जागा करून देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. झाडाझुडपांशी मात्र त्यांचा कधी संबंध आला नव्हता. म्हणून त्यांच्या बायकोने, पारूबाईंनी, लातूरहून लेकीच्या दारातली मधुमालतीची फांदी आणून फाटकापाशी लावली, तेव्हा साप निघतील, कचरा होईल, अशी दोन-तीन भाकितं त्यांनी करून ठेवली. पारूबाईंनी ती शांतपणे ऐकली आणि गच्चीपर्यंत दोरी बांधायला त्यांनाच शिडीवर चढवलं.

वर्षभरात वेल गच्चीला टेकली. एप्रिलमध्ये लेक प्रियदर्शनीचं बाळंतपण आलं. दवाखाना लातूरचाच होता, म्हणून पारूबाई दोन महिन्यांसाठी तिकडे गेल्या. निघताना गॅसचं, दुधाचं काही बोलल्या नाहीत. वेलीला रोज सकाळी दोन बादल्या पाणी घाला, एवढंच बजावून गेल्या.

आठ दिवस लिंबाजींनी ते इमानेइतबारे घातलं. मग मुरुडला भाचीचं लग्न निघालं. दोन दिवसांसाठी गेलेले लिंबाजी जुने सोबती भेटले म्हणून आठवडाभर रमले. परतले तेव्हा वेलीची पानं पापडासारखी वाजत होती. घाबरून त्यांनी सहा बादल्या ओतल्या, वर मूठभर युरिया टाकला. दोन दिवसांत उरलीसुरली पानंही गळाली.

शेवटी त्यांनी रोपवाटिकेच्या शंकरप्पाला घरी आणलं. शंकरप्पाने बुंध्याची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं.

"मास्तर, जित्ती हाय. पर वरचं समदं गेलं. गुडघ्याइतकी ठेवा, बाकी कापा. अन् खताला हात लावू नका."

लिंबाजींनी कात्री दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली. तिसऱ्यांदा मन घट्ट करून कापलं. अंगणात बाजेएवढा ढीग पडला.

पारूबाई रोज फोनवर आधी वेलीची खुशाली विचारत, मग नवऱ्याची. लिंबाजी 'मजेत हाय' म्हणून मोकळे होत. वेल कापल्याच्या चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, व्हिडिओवर दाखवा. लिंबाजींनी रेंज नसल्याचं सांगून वेळ मारून नेली आणि चपला घालून थेट मागच्या गल्लीतल्या रेणुकाचं घर गाठलं. तिच्या दारावर मधुमालती नुसती लगडली होती. त्या घोसांखाली उभं राहून त्यांनी फोन लावला.

पारूबाईंनी बराच वेळ पाहिलं. फुलं झकास आलीत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता तुमी तिथंच हायेत तर रेणुकाला विचारा, तिची कंबर कशी हाय. लई दुखून राहिली होती."

तिथेच उभ्या उभ्या लिंबाजींनी मुरुडच्या लग्नापासून सगळं सांगून टाकलं. आता झाडाझडती होणार म्हणून कान टवकारले, तर पलीकडून विचारणा आली, किती ठेवली.

"गुडघ्याइतकी."

पारूबाई इतक्या हसल्या, की मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं. त्याला थोपटत त्या म्हणाल्या, "बरं केलं कापली ते. मला तेवढा धीर झाला नसता."

त्या दिवसापासून लिंबाजी उजाडताच बादली घेऊन फाटकाशी हजर. पंधरवड्यात बुंध्यावर तांबूस कोंब फुटले. त्यांना हळूच दोरीशी बांधताना लिंबाजी श्वास रोखून धरत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आग्रहाने बोलावून दाखवत. जूनमध्ये पारूबाई परतल्या, तेव्हा वेल त्यांच्या खांद्याला लागली होती. फूल एकही नव्हतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, कोवळ्या पानांवरून बोट फिरवलं आणि लिंबाजींच्या रापलेल्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "टोपी घालत जावा की उन्हात."

श्रावणात एका संध्याकाळी पहिला घोस पांढरा उमलला. दुसऱ्या दिवशी तो गुलाबी झाला, तेव्हा लिंबाजींनी लातूरला फोन करून लेकीला तासभर त्याची हकिगत ऐकवली. मागच्या भिंतीला आता जाई लावावी की जुई, यावर नवरा-बायकोचं आठ दिवस चाललंय. दोरी मात्र लिंबाजींनी आणूनही ठेवली आहे.