दोर न लावायचा बोकड

ओढ्यापलीकडे धाकटी बहीण दिसताच कुंझेसनं हात वर केला.

"तिथूनच बोल गं."

"चहासुद्धा नाही का, अचे?" धाकटीनं थोरलीला विचारलं.

"दगडावर ठेवलाय. पेला परत आणू नकोस."

धाकटी स्पाल्झेस दगडाशी बसून प्याली. तिच्या शेळ्यांत बुळकांडी शिरली होती. नाकं वाहत, तोंडं सडत एकेक आडवी होत होती. लस येईपर्यंत कळपाला कळप भेटता कामा नये, असं ढोरांचा डॉक्टर बजावून गेला होता. मग खिंड वेळेआधीच बर्फानं बुजली आणि लस पलीकडेच राहिली. कुंझेसनं मात्र ऐकलं. कुरण सोडून शेळ्या दगडी वाडग्यात कोंडल्या, हिवाळ्यासाठी साठवलेलं गवत आत्ताच बाहेर काढलं. त्या उघड्या पठारावर या शेळ्या आणि त्यांची लोकर सोडली, तर तिचं होतं काय?

"माझं तोंड तुझ्या शेळ्यांना बाधतं," स्पाल्झेस म्हणाली, "आणि तुझा तो म्हातारा बोकड? परवापासून माझ्याकडेच मुक्कामाला आहे. आजारी शेळ्यांच्या कुशीत झोपतो."

कुंझेस ओढ्याच्या काठापर्यंत धावली. "बांधून ठेव त्याला!"

"मी? भाऊजींच्या नावानं सोडलेल्याला दोर लावू? तूच ये आणि घे ते पाप."

नवरा, थुंडुप, अंथरुणाला खिळला तेव्हा त्याला आयुष्य मिळावं म्हणून कुंझेसनंच त्या बोकडाच्या कानात लाल धागा ओवून त्याला जन्माचं अभय दिलं होतं. तेव्हापासून त्याला दोर नाही, सुरी नाही, कुणाची आडकाठी नाही. थुंडुप त्याच हिवाळ्यात गेला. बोकड मात्र जगला, माजला, कुणाच्याही तंबूत शिरून सातू खाऊ लागला. "आयुष्य पोचलं हो, पत्ता तेवढा चुकला," असं ती हसून म्हणायची, आणि रोज सकाळी त्याच्यापुढे सातूच्या पिठाचे गोळे टाकायची.

दुसऱ्या सकाळी तो ओढा ओलांडून आला. नाकातून पिवळा शेंबूड लोंबत होता. वाडग्यातल्या शेळ्या ओरडू लागल्या. जन्मापासून त्याच्याच मागं चालल्या होत्या त्या.

"जा रे बाबा," कुंझेस म्हणाली. मग ओरडली. मग थुंडुपची मनातल्या मनात माफी मागून तिनं दगड उचलला आणि भिरकावला.

दगड त्याच्या पुढ्यात पडला. बोकडानं तो हुंगला, तिच्याकडे मान वर करून पाहिलं आणि आणखी जवळ आला.

दुसरा दगड तिच्या हातातच राहिला. बोकडानं भिंतीच्या फटीत तोंड घातलं, तशा आतल्या शेळ्या एकमेकींना रेटत त्याचं नाक चाटायला धावल्या.