शालनबाईंच्या पिशवीतली बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे. आजकाल मिळतात तशी बोटभर, प्लॅस्टिकची नव्हे. तीन सेलची, जाड पत्र्याची, हातात धरली की मनगट खाली ओढणारी. माझ्या गळ्यावर तीन पोचे आहेत आणि पोटात पिवळा बल्ब. मित्रांनो, बॅटरीची गोष्ट म्हणजे उजेडाची गोष्ट, असं तुम्हाला वाटेल. माझी तशी नाही. मी आधी मारायला शिकले. उजेड पाडायचं काम मला आयुष्यात एकदाच मिळालं, आणि तेही मला नीट जमलं नाही. तेच सांगते.

माझा जन्म भोसरीतल्या एका लहान कारखान्यात झाला. सपाट पत्रा होते मी. प्रेसचा एक दणका बसला आणि नळी झाले, दुसरा बसला आणि तोंड फाकलं. मग आटे पाडले, चकाकी चढवली. एका सिक्युरिटी एजन्सीने आमचा खोका विकत घेतला आणि मी महाळुंग्याला, गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या गेटावर आले. तिथल्या वॉचमनचं नाव कोंडीराम. परभणीकडचा माणूस, बारा तासांची ड्युटी, खाकी शर्टाला इस्त्री कडक.

गेटावर एवढे दिवे होते, की माझा उजेड कुणाला लागायचा? पण माझं वजन लागायचं. एकदा शिफ्ट सुटताना सुजित नावाच्या कंत्राटी कामगाराच्या डब्यात पितळेचे दोन बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या कड्या, सापडले. सुपरवायझर म्हणाला, "कोंडीराम, बघतोस काय? हात चालव." कोंडीरामने मला उलटं धरलं आणि सुजितच्या गळपट्टीच्या हाडावर तीनदा घातलं. तिसऱ्यांदा वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज झाला. कोंडीराम नळावर गेला, मला धुतलं. पुन्हा धुतलं. मग तो पाणी प्यायला, परत आला, आणि पुढच्या वेळी सुपरवायझरला सांगावं लागलं नाही.

"हिच्यापुढे चोर टिकत नाही, राव," सुपरवायझर म्हणाला. मला अभिमान वाटला होता. खोटं कशाला बोलू.

काही वर्षांनी गेटावर नव्या एलईडी बॅटऱ्या आल्या आणि कोंडीराम मला घरी घेऊन आला. दहा खोल्यांची चाळ, वर पत्रे. दाराआड एक खिळा होता, त्यावर मला टांगलं. घरात त्याची बायको शालनबाई आणि नववीतली मुलगी नेहा. शालनबाई दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. दिवसभर खोके चिकटवून त्यांच्या बोटांना गोंदाची खरखर असायची, आणि त्याच बोटांनी त्या नेहाची वेणी इतकी हळू घालायच्या, की पोरीला डुलकी लागायची.

कोंडीराम आधी हाताने मारायचा. मग खिळ्याकडे हात जाऊ लागला. तो हात वळला की शालनबाई पहिलं वाक्य एकच बोलायच्या, "नेहा, बादली घेऊन जा. पाणी भरून आण." नळ चाळीच्या टोकाला. बादली भरून वाहायची, तरी नेहा नळ बंद करायची नाही. पाण्याचा आवाज बंद केला की दुसरा आवाज ऐकू यायचा ना.

अशा घरात एक दिवस डॉक्टर मिनल आली. चाळीतल्या बायका तिला मॅडम म्हणायच्या, पण होती अगदी तरणी. तिच्या खांद्याला पेटी. ती दारोदार एका संशोधनाचं काम करत होती. तिने शालनबाईंना समजावलं, की गर्भाशयाच्या तोंडाशी एचपीव्ही नावाचा विषाणू राहू शकतो. बहुतेकींचा तो आपोआप निघून जातो. काहींच्यात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. कंपनीत जाणाऱ्या बायकांना दवाखान्यासाठी खाडा परवडत नाही. म्हणून मऊ ब्रशने स्वतःच घरी नमुना घेतला तर किती जणी तपासून घेतील, हे तिला पाहायचं होतं.

"नळीचं झाकण घट्ट लावा, ताई. सांडायला नको," मिनल म्हणाली.

"पॅकिंगला सात वर्सं झाली, मॅडम. मी बंद केलेला माल आजवर कुठं गळाला न्हाई," शालनबाई म्हणाल्या, आणि न्हाणीच्या पडद्याआड गेल्या.

मग फॉर्म भरायची वेळ आली. फोन नंबर? शालनबाईंकडे स्वतःचा फोन नव्हता. घरात जो होता त्याचा नंबर त्यांनी सांगितला, मिनलने लिहून घेतला. एवढीच चूक झाली. त्या नंबराचा फोन कोंडीरामच्या खाकी खिशात असायचा.

पंधरा दिवसांनी निकालाचा मेसेज आला, तो गेटावर. तुमच्या नमुन्यात विषाणू आढळला आहे, गुरुवारी तपासणीला यावे. कोंडीरामने तो मोबाइलच्या दुकानदाराला दाखवला. दुकानदाराने आपल्या फोनमध्ये पाहून अर्धवट सांगितलं, की हा स्त्री-पुरुषाच्या संबंधातून येतो. कोंडीराम भरदुपारी घरी आला. शालनबाई त्या दिवशी पहाटेच्या पाळीवरून नुकत्याच परतल्या होत्या. त्या दिवशी नेहाला पाणी आणायला पाठवायलाही वेळ मिळाला नाही.

"कोणाकडून आणलास?"

"मला काय ठावं? मॅडम म्हणल्या, कोणालाबी असू शकतो. कधीपासून आहे तेबी कळत न्हाई."

"मला न्हाई ना. मग तुला कसा?"

शालनबाईंनी उलट विचारलं, "तुमची तपासणी कधी झाली?"

मग मी खिळ्यावरून निघाले. त्यांनी डोकं वाचवायला डावा हात वर केला आणि मी त्या हातावर बसले. पुन्हा बसले. हाड टिकलं, माझा पत्रा आत गेला. मधला पोचा आहे ना, तो त्या दुपारचा. नेहा कोपऱ्यात कानांवर वह्या दाबून बसली होती. मित्रांनो, मला डोळे मिटता येत नाहीत. मी सगळं पाहिलं.

गुरुवार उजाडला. आमच्याकडे कंपन्यांना रविवारी नव्हे, गुरुवारी सुट्टी. म्हणून मिनलने तपासणी गुरुवारी ठेवली होती, बायकांचा खाडा वाचावा म्हणून. पण गुरुवारी चाळीतले पुरुषही घरी असतात, दारात खुर्च्या टाकून, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. कोंडीराम गेटावर गेला होता. वॉचमनला कसली गुरुवारची सुट्टी. पण शालनबाई पिशवी घेऊन निघाल्या, आणि चार खुर्च्यांवरच्या चार जणांनी ते पाहिलं. एकाने फोन काढला.

पिशवीत मी होते. निघता निघता शालनबाईंनी मला खिळ्यावरून काढलं होतं. नेहा म्हणाली, "हिला कशाला नेतेस गं?"

"ही इथं न्हाई राहिली म्हंजे संध्याकाळी हिच्याशी गाठ न्हाई," त्या म्हणाल्या. "चल. तुझ्या सुईचंबी विचारू." चौदा वर्षांच्या मुलींना या विषाणूची लस तिथेच देणार होते.

तपासणी उद्धवरावांच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात होती. सुट्टीचा दिवस, गाळा रिकामा. त्यांनी वापरायला दिलेला. ग्राइंडर कोपऱ्यात सरकवलेले, मध्ये पडदा, पडद्यामागे टेबल. बाहेर वीस-बावीस बायका रांगेत, आणि शटरजवळ महाळुंग्याच्या सरूबाई स्टुलावर बसलेल्या. वय सत्तरीच्या पुढे. कुणी रांग मोडली की त्या काठी आपटायच्या.

शालनबाई टेबलावर निजल्या आणि वीज गेली. गुरुवारी दुरुस्तीसाठी जाते तशी. मिनलच्या दिव्याचं चार्जिंग सकाळीच संपलेलं. मोबाइलचा उजेड चालला असता, पण मोबाइलला कॅमेरा असतो, आणि पडद्याच्या आत मोबाइल येणार नाही असा शब्द मिनलने बायकांना दिला होता. "कुणाकडे बॅटरी आहे का?" तिने विचारलं.

शालनबाईंनी मान वळवून पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्या पिशवीत हाय."

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं म्हणून सांगू. मिनलने बटण सरकवलं आणि मी पेटले, होता नव्हता तेवढा जीव लावून पेटले. तिने व्हिनेगरसारखं एक औषध लावलं. ते लावल्यावर पेशी बिघडलेल्या असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. मिनिट गेलं. मिनल वाकून बघत होती.

"काही दिसत नाही, ताई."

"मग जाऊ?" शालनबाईंचा पाय चपला शोधू लागलासुद्धा.

मिनलने मला वर उचललं. माझा झोत भिंतीवर पडला. उद्धवरावांनी दिवाळीत चुना मारलेली ती भिंत हळदीसारखी दिसत होती.

"थांबा," ती म्हणाली. "या उजेडात चुना पिवळा दिसतोय. पांढरा डाग कसा दिसेल? वीज येईपर्यंत थांबा, परत बघू."

मी खोटं बोलले होते, मित्रांनो. मुद्दाम नाही, पण बोलले होते. माझ्यावर विश्वास ठेवून ती बाई घरी गेली असती.

पाऊण तासाने वीज आली, मिनलने औषध पुन्हा लावलं. मोठ्या दिव्याखाली तो डाग दिसला, भाताच्या शितासारखा पांढरा. मिनलने शालनबाईंचा हात हातात घेतला. "हा कॅन्सर नाही. पण सोडून दिला तर होऊ शकतो. गरम टोकाच्या यंत्राने आत्ता इथेच शेकून टाकता येईल. मिनिटभराचं काम आहे. करायचं?"

शालनबाई उत्तर देणार, तेवढ्यात बाहेर कोंडीरामचा आवाज आला. "शालन, बाहेर ये. नाहीतर ओढून नेईन."

"आत बाया हायत. जायचं न्हाई," सरूबाई म्हणाल्या.

"म्हातारे, माझी बायको हाय ती."

"व्हय. माझ्या पोराचीबी बायकोच व्हती." सरूबाई उठून उभ्या राहिल्या. "दवाखान्यातनं अशीच ओढून आणली त्यानं. अन् म्या मागनं दार लावलं, पुन्यांदा जाऊ नये म्हणून. सात म्हयन्यात गेली. हाच रोग. आता तू जा, बाबा."

कोंडीरामने त्यांना बाजूला लोटलं. पडद्याशेजारच्या पेटीवर मी पडले होते. त्याची नजर माझ्यावर गेली. किती ओळखीचा होता तो हात! त्याने मला उचललं आणि पडद्यावर, आत मिनल उभी होती तिथे, वार केला. मध्ये सरूबाईंनी हात घातला. त्यांचं मनगट मोडलं, ते मला आधी कळलं आणि त्यांना नंतर. दुसरा वार लोखंडी खांबावर बसला, माझी काच फुटली, बल्ब गेला, मी फरशीवर घरंगळले. मग रांग मोडली. वीस बायका एकदम त्याच्यावर धावल्या. कुणी कॉलर धरली, कुणी केस, कुणी चपलेने तोंड फोडलं. फरपटत बाहेर नेला आणि शटर खाली ओढलं. त्याच्या नाकातलं रक्त माझ्याजवळ सांडलं होतं.

तो बाहेरून शटरला लाथा घालत होता. आख्खा गाळा वाजत होता. सरूबाई मनगट छातीशी धरून शटरला पाठ लावून बसल्या, त्यांच्या शेजारी नेहा, आणि मग एकेक करून बाकीच्या.

"करून टाका, मॅडम," शालनबाई म्हणाल्या.

मिनलने यंत्र हातात घेतलं. शटरला लाथ बसली, तशी तिने ते परत खाली ठेवलं. "ताई, नंबर मीच लिहून घेतला होता. फोन कुणाचा, ते विचारायला हवं होतं."

"ते मागून बोलू. आधी दम घ्या. ह्यो आवाज मला रोजचा हाय. तुमाला नवा हाय."

मिनलने दम घेतला. यंत्र पुन्हा उचललं. पाऊण मिनिटात काम झालं. शालनबाईंनी एकदा दात आवळले, बस.

पोलीस आले. शालनबाई तक्रार द्यायला कचरत होत्या. सरूबाई म्हणाल्या, "तुला नसंल द्यायची तर नको देऊ, बाई. हाड माझं मोडलंय. मी देते." त्यांनी अंगठा उठवल्यावर शालनबाईंनीही सही केली. कोंडीराम कोठडीत गेला. ज्याच्यावर केस आहे त्याला एजन्सी ठेवत नाही. नोकरी गेली, आणि जामिनावर सुटल्यावर तो गावाकडे निघून गेला.

आणि मी इथे आले, चौकीच्या मुद्देमालाच्या खोलीत. वर्ष झालं. सेल आतल्या आत गळले, गंज चढला. मला कुणी पुसत नाही आणि पुसावं असं मी काही केलेलंही नाही.

आज वर्षाली नावाच्या हवालदार बाईंनी मला कोर्टात आणलंय. बाकावर शालनबाई बसल्यात. वर्षालीबाईंनी सहज तब्येत विचारली, तेव्हा त्या म्हणाल्या, "वर्साची तपासणी झाली. सगळं साफ हाय. नेहाचीबी लस झाली. फॉर्मात आता विचारतात, फोन कोणाचा हाय म्हणून. मी सांगितलं, माझा."

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. तुमच्या आईला विचारा, तुझी तपासणी झाली का गं? ती म्हणेल, वेळ नाही, मला काय झालंय. तरी पुन्हा विचारा. ती निघाली की एकटीला पाठवू नका. शटरला पाठ लावून बसायला कुणीतरी लागतं. आणि घरात खिळ्यावर माझ्यासारखं काही टांगलेलं असेल, तर गप्प राहू नका. शाळेतल्या तुमच्या बाईंना सांगा, शेजारच्या आजीला सांगा.

आतून पुकारा झाला. वर्षालीबाईंनी मला टेबलावर ठेवलं. वकिलांनी विचारलं, "ही ओळखता?" मला काही बोलता येत नाही. शालनबाई उठल्या, पदर खोचला आणि बोलू लागल्या.