बारावी गाठ

मित्रांनो, मला सुतळी म्हणू नका आणि दोरीही म्हणू नका. मी दोर आहे; जुना, जाड, तीन पेडांचा. रंग विटलाय, जागोजागी कुसं निघाली आहेत, पण अजूनही दहा माणसांना भारी पडेन. मला डोळे नाहीत. मला फक्त हात कळतात आणि आसपासचं बोलणं ऐकू येतं. कान कुठे आहेत ते विचारू नका, ते मलाही ठाऊक नाही.

मला वळलं एका म्हाताऱ्या दोरवाल्यानं. त्याची सून चाक फिरवायची आणि तो पेड हातात धरून उलट्या पावली मागे मागे जायचा. मी तयार झालो तेव्हा तो म्हणाला, "याला आता हत्तीसुद्धा तोडणार नाही." सून म्हणाली, "हत्ती कशाला येतोय मामंजी दोर तोडायला? जेवायला चला." माझं कौतुक हे असं सुरू झालं आणि तिथंच संपलं.

पुढे मी स्काउटच्या पथकात आलो. तिथले दिवस सोन्याचे! रस्सीखेचीत मी, झाडावरून झाडावर जायच्या पुलाला मी, तंबूच्या ताणाला मी. गाठी शिकताना किती मुलांनी माझ्यावर हात बसवला याची मोजदाद नाही. मग नायलॉनचा एक निळा, गुळगुळीत दोर आला आणि माझी रवानगी पत्र्याच्या पेटीत झाली. सात वर्षं मी तिथं होतो. एका उंदरानं माझ्या टोकाची चव घेतली, ती त्याला आवडली नाही, एवढीच काय ती त्या काळातली बातमी. वाईट वाटायचं. कुणाचा हात लागला नाही की माझ्यासारख्याला स्वतःचं वजनच कळेनासं होतं.

यंदा वस्तीतल्या घराघरांनी मिळून आनंदमेळा भरवला आणि स्काउटच्या मुलांनी सगळी उठाठेव अंगावर घेतली. कुणी रिंगा टाकायच्या खेळावर, कुणी आजीआजोबांच्या खुर्च्या हलवायला, कुणी हरवलेल्या पोरांच्या टेबलावर. 'काळोखाचा बोगदा' मात्र टोळीच्या कप्तान मुलीकडे आला. वय तेरा, आवाज हवालदाराचा. शाळेच्या मागच्या बाजूला काळ्या ताडपत्र्या लावून तिनं वळणावळणाचा बोगदा केला. आत ओले स्पंज, लोकरीच्या लोंबत्या जटा आणि भर दुपारी मिट्ट काळोख. पोरं आत हरवू नयेत म्हणून तिनं मला पेटीतून काढलं आणि माझ्यावर हातहात अंतरानं बारा गाठी मारल्या. एका मुलाला एक गाठ. नियम असा की शेवटच्या वळणानंतर, पडदा उघडायच्या आधी, पुढून कप्ताननं ओरडायचं, "गाठी बोला!" आणि पोरांनी काळोखातच आपापला आकडा सांगायचा. बारा आले की पडदा वर. चेहरे कुणी बघायचं नाही. आकडा जुळला की काम झालं.

चार फेऱ्या झकास झाल्या. घामट हात, चिकट हात, बोटाला पट्टी बांधलेला एक हात. सगळे मला घट्ट धरत होते आणि मी नव्यानं जिवंत झालो होतो. पाचव्या फेरीत बाराव्या गाठीवर कप्तानचा धाकटा भाऊ आला. टिल्लू. सहा वर्षांचा. त्याचा तळवा ऊनऊन होता आणि भीतीनं थरथरत होता.

शेवटच्या वळणाआधी त्याचा बूट निसटला. तो वाकला आणि त्याचा हात सुटला.

मी शेपटाकडून मोकळा झालो. पण दोनच पावलं. मग बाराव्या गाठीवर दुसरा हात आला. लहान मुलाचाच हात होता, पण त्याला घाम नव्हता, ऊब नव्हती, थरथर नव्हती. मित्रांनो, मी हजारो हात ओळखतो. असा हात मला कधी लागला नव्हता. माझे तिन्ही पेड आखडले.

"गाठी बोला!" कप्तान ओरडली.

"एक!" "दोन!" "तीन!" आकडे मागे मागे येत गेले. "अकरा!"

आणि अगदी माझ्या टोकाशी, शांतपणे, "बारा."

पडदा वर गेला. पोरं किंचाळत, हसत उजेडाकडे पळाली. अकरा हात सुटले. बारावा सुटला नाही. तो माझं शेपूट घेऊन आडवा निघाला, ताडपत्रीच्या फटीतून पलीकडे. मला ओरडता आलं असतं तर मी घसा फोडला असता.

बाहेर कप्तान मला गुंडाळायला लागली. मी येईना.

"अडकला वाटतं," ती म्हणाली.

तिच्या टोळीतला उंच मुलगा होता, त्याला सगळे बांबू म्हणायचे. तो म्हणाला, "मग ओढ की. पुढची पोरं थांबलीत."

"टिल्लू कुठंय?"

"असेल आईकडे. बारा म्हणाला ना आत्ता? मी ऐकलं. चांगलं स्वच्छ म्हणाला, बारा."

कप्ताननं मला ओढायचं थांबवलं.

"बांबू," ती हळूच म्हणाली, "टिल्लूला 'र' म्हणता येत नाही. तो 'बाला' म्हणतो."

तिनं विजेरीसाठीही वाट पाहिली नाही. मला धरून, एकेक गाठ चाचपत ती आत शिरली. दहावी. अकरावी. तिथून मी वाट सोडून फटीत गेलेला होतो. तीही रांगत गेली.

ताडपत्रीमागे शाळेचा जुना, कोरडा हौद होता. दोन पुरुष खोल. त्यावरच्या फळ्या मेळ्यातल्या टेबलांसाठी कुणीतरी उचलून नेल्या होत्या. बोगद्यात वाट चुकलेला टिल्लू त्याच फटीतून इथं आला होता आणि अगदी काठावर उभा होता. एका पायात बूट, दोन्ही हातांत माझी बारावी गाठ.

तिनं त्याला मागे ओढून असं कवटाळलं की मी दोघांच्या मध्ये चेपलो.

"ताई, मी गाठ सोडली होती," तो हुंदके देत म्हणाला. "मग त्या मुलानं पलत आणून दिली. म्हणाला, पुढं पाय टाकू नको."

"कुठल्या मुलानं?"

"बालाव्या गाठीच्या."

तिथं दुसरं कुणी नव्हतं. तो कोण होता, मला माहीत नाही. त्यानं टिल्लूची जागा का घेतली, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, त्याला एकदा तरी कुणीतरी मोजून घ्यायला हवं होतं.

हौदावर फळ्या परत आल्या, फट शिवली गेली. पुढच्या फेरीपासून कप्ताननं आकडे बंद केले. पडदा वर गेला की ती एकेकाच्या चेहऱ्याकडे बघून नाव घेऊन हाक मारायची आणि 'ओ' आल्याशिवाय पुढे सरकायची नाही. वेळ लागायचा. रांगेतले आईबाप कुरकुरायचे. तिनं कुणाला दाद दिली नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, हात असते तर जोडूनच सांगितलं असतं. माणसं आकड्यांनी मोजू नका. हाक मारा, चेहरा बघा. आकडा कुणीही भरून काढतं.

शेवटच्या फेरीआधी कप्ताननं कुणाला न सांगता माझ्या टोकाशी तेरावी गाठ मारली. बारा पोरांनी बारा गाठी धरल्या. बोगद्याच्या तोंडाशी ती थांबली आणि अगदी हळू आवाजात मागे बघून म्हणाली, "तूही चल."

तेरावी गाठ कुणीच धरलेली नव्हती. तरी आम्ही चालायला लागलो तेव्हा माझं शेपूट जमिनीला टेकलं नाही.