ठिगळाची शिलाई

टेलर मास्तरांना सगळा बाजार मास्तर म्हणायचा, पण शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच तुटला होता. म्हणून लेकीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आनंदाने त्यांना काय करावं कळेना. मग फीचा आकडा पाहिला आणि वाटलं, कुणाच्या तरी हातून एक शून्य जास्तीचं पडलं असेल. पडलं नव्हतं. महिनाअखेरीला पहिला हप्ता भरला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

मदत मागायला मास्तर दारोदार फिरले. बँकेने तारण मागितलं. मास्तरांनी शिलाई मशीन सांगितलं, तेव्हा साहेबांना नेमका फोन आला आणि तो संपेचना. सरकारी मदतीची मुदत निकाल लागायच्या आधीच संपली होती. पुढच्या वर्षी लवकर या, असं तिथल्या कारकुनाने प्रेमाने सांगितलं, जणू लेक दरवर्षी पास होऊन दाखवणार होती. एके ठिकाणी फक्त वडील नसलेल्या मुलींना मदत मिळत होती. तिथल्या माणसाने मास्तरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हळहळून म्हणाला, "तुम्ही आहात होय."

शेवटी मेहुणी धावून आली. ती एका संस्थेत फोन घ्यायच्या कामाला होती. 'गरीब, गरजू व होतकरू विद्यार्थ्यांस मदत' अशी पाटी संस्थेच्या दारावर होती, आणि गरीब कोण, गरजू कोण, हे अध्यक्षबाई स्वतः मुलाखतीत ठरवत.

"कागदावर सगळेच गरीब असतात हो भावोजी," मेहुणी म्हणाली. "बाई डोळ्यांनी बघतात. चांगले कपडे घातले तर पोर गरजू नाही, आणि मळके घातले तर होतकरू नाही."

"मग घालायचं काय तिने?"

"ठिगळ. पण स्वच्छ धुतलेलं."

पंचाईत अशी की टेलरच्या घरात फाटकं काही मिळेना. दारिद्र्य भरपूर होतं, पण उसवलेलं एकही नव्हतं. लेकीचे ड्रेस गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे असायचे, आणि जोड दिसू न देणं यातच मास्तरांची हयात गेली होती. शेवटी त्यांनी तिचा निळा ड्रेस घेतला आणि धडधाकट खांद्यावर कैची चालवली. स्वतःच्या लेकीचा ड्रेस फाडताना त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. लेक म्हणाली, मी अशी नाही जाणार. मास्तर म्हणाले, एका दिवसाचा तर प्रश्न आहे गं.

ठरलं होतं ओबडधोबड ठिगळ लावायचं. लावलंही. पण जित्याची खोड, ती कशी जाणार? वाकडी टीप त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. उसवली. कडा आत दुमडल्या, कापडाला कापडाचा धागा जुळवला, रंगाला रंग शोधला. मग खांद्यावरचं ठिगळ एकटं वाटायला लागलं, म्हणून तोल साधायला घेरावर आणखी एक दिलं. बायको म्हणाली, छान दिसतंय. मास्तरांनी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

मुलाखतीत अध्यक्षबाईंनी गुणपत्रिका उघडलीच नाही. लेकीला एकदा वळून दाखवायला सांगितलं. मग शेजारच्या खजिनदारांना म्हणाल्या, की अगदी असाच ड्रेस त्यांच्या मुलीने मागच्या महिन्यात मोठ्या दुकानात पाहिला आणि किंमत ऐकून त्यांचेसुद्धा डोळे पांढरे झाले.

"पण बाई, ठिगळं आहेत ती," खजिनदार भीत भीत म्हणाले.

"ठिगळंच महाग असतात."

अर्ज नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यात गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ड्रेस कुणी शिवला, असं बाईंनी विचारल्यावर लेकीने खरं सांगितलं, तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या मास्तरांना आत बोलावण्यात आलं. बाईंना मुलीसाठी आणि तिच्या मैत्रिणींसाठी असे अर्धा डझन ड्रेस हवे होते. शिलाई किती?

गिऱ्हाइकाने नुसती भुवई उचलली तरी मास्तर दर कमी करायचे. पण खाली मान घालून उभी असलेली लेक दिसली आणि त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी फीच्या पहिल्या हप्त्याचा आकडा जसाच्या तसा सांगितला. आता आपल्याला हाकलणार, म्हणून चपला शोधायला वळलेसुद्धा.

"दुकानापेक्षा स्वस्तच आहे," बाई म्हणाल्या. "पावती मात्र पक्की द्या."

मास्तरांनी कोरं कापड आणलं, शिवलं, फाडलं आणि पुन्हा शिवलं. हप्ता वेळेत भरला गेला. लेक कॉलेजात जायला लागली आणि मास्तर महिनाभर ताठ मानेने चालले.

दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली तेव्हा लेकीला पहिल्या सत्रात उत्तम गुण होते. मास्तर गुणपत्रिका घेऊन पुन्हा संस्थेत गेले. या वेळी लेकीच्या अंगावर साधा, धड ड्रेस होता. बाईंनी फाईल उघडली. आत मास्तरांच्याच अक्षरातली पक्की पावती टाचून ठेवली होती.

"सहा कपड्यांत एवढी कमाई करणाऱ्या माणसाने गरिबाच्या ताटातलं ओढू नये, मास्तर," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "उत्पन्नाच्या मर्यादेत बसतच नाही तुम्ही."

लेकीचे डोळे भरून आले. हप्त्याची तारीख पंधरवड्यावर होती. मास्तरांनी गुणपत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि आवाज शक्य तितका नरम केला.

"बाई, तुमच्या लेकीसाठी आणखी काही फाडून हवंय का?"