वगळलेला भाग

मॉनिटरवर दोन छोट्या आडव्या रेघा, एकमेकींना खेटून, आणि त्यांच्यापुढे 'वगळा' अशा अर्थाचा एक शब्द... ती कितीतरी वेळ नुसत्या त्या रेघांकडेच बघत बसली होती, कारण पुढचं वाचायची तिची छाती होत नव्हती. खरं तर पुढचं एव्हाना पाठ झालं होतं. तारखा ओळखणारा भाग वगळून बसवा, एवढीच ती सूचना, आणि शेजारी तिचं स्वतःचं नाव. का वगळा, ते कुठेच नाही.

तसं काम काही जगावेगळं नव्हे. रक्ततपासणीचे रिपोर्ट काढणारं त्यांचं सॉफ्टवेअर, पण कुठलंही सॉफ्टवेअर एकट्याच्या जिवावर उभं राहत नाही, दुसऱ्यांनी लिहिलेली तयार पॅकेजं त्यात बसवावी लागतात. बहुतेक मुकाट बसतात, काही मात्र नखरेल — ह्याचा अमुक भाग घेऊ नका, ते तयार आणू नका, इथेच बांधून घ्या. अशा खास सूचना सांभाळणं वर्षानुवर्षं तिच्याकडे होतं. सूचना लिहिली की शेजारी कारण लिहायचं, हा नियमही तिनेच घालून दिलेला, आणि दुसरा कुणी विसरला तर त्याची खैर नसे. आणि आता हे.

सकाळी तिने ती सूचना काढून सगळं नव्याने बसवून पाहिलं होतं. काही झालं नाही. रिपोर्ट नीट निघाले, तारखा जिथल्या तिथे... काहीतरी बिघडलं असतं तर तिला केवढं हायसं वाटलं असतं. मग मी हे केलं तरी का? नाव माझं, शब्दांची ठेवण माझी, शेवटी पूर्णविराम द्यायची खोडही माझीच — आणि डोक्यात त्या जागी नुसतं पांढरं.

आईचं असंच सुरू झालं होतं. याच वयात. आईला विचारलं, हा पडदा कुणी आणला गं, तर ती अडखळायची नाही, तेच तर फसवं होतं — झटकन, हसून, 'तुझ्या मावशीने, तिला कुठे रंगाची अक्कल' — असं खुसखुशीत उत्तर, की ऐकणाऱ्याला शंकाच येऊ नये. मावशी त्या घरात कधी आलीच नव्हती. आम्हाला वाटायचं, आई थापा मारते. थापा मारत नव्हती बिचारी. रिकामी जागा दिसली की तिचं मन ती आपसूक भरून टाकायचं, आणि भरल्याचं तिला कळतही नसे. आता माझी पाळी आली का, हा प्रश्न सकाळपासून तिच्या डोक्यात होता, आणि तो विचारायला कुणी नव्हतं.

"काय गं, समाधी लागली का?" खुर्ची सरकवत बापू आला. बापू शेजारच्या टेबलावरचा, तिच्याच वयाचा, इतकी वर्षं बरोबर काम केलेला की नुसत्या खोकण्यावरून त्याचा मूड तिला कळायचा. सगळ्या सूचना आज त्याला एका फाइलीत आणायच्या होत्या. ज्यांना कारण नाही त्यांना कायमची सुट्टी. "या एकीपुढेच काही नाही बघ. तुझी आहे. काय भानगड आहे ही?"

माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं.

"अरे, तो भाग दिवस आणि महिना उलटे लावायचा," ती म्हणाली, आणि हसली. "एका पेशंटचा रिपोर्ट चक्क अजून न उजाडलेल्या महिन्यातला निघाला होता. केवढा गोंधळ झालेला."

झटकन. हसून. हे कुठून आलं? रचलं की आठवलं? जिभेवर दोन्हींची चव एकच लागत होती. आणि बापू मान डोलावत होता.

"हो हो. आठवतंय मला. तेव्हाचंच ते."

म्हणजे खरंच घडलं असणार. बापूला आठवतंय म्हणजे... तिने श्वास सोडला, आणि तो अर्ध्यातच थबकला, कारण ते 'हो हो' कुणाचं, ते तिला लख्ख ऐकू आलं. बाबांचं. आई पडद्याचं सांगायची तेव्हा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता बाबा म्हणायचे, हो हो, मावशीनेच आणला. आम्ही बहिणी चिडायचो — बाबा, तुम्हीही तिच्या हो ला हो करता — तर म्हणायचे, काय बिघडतं त्यात? आणि आईचा चेहरा निवळायचा.

बापूला कधीपासून माहीत आहे? जेवणाच्या सुट्टीत ती आली तेव्हा सगळे एकदम गप्प झाले होते, ते... आणि मीटिंगची वेळ त्याने परवा दोनदा सांगितली, तीही आपुलकीने, हळू आवाजात. हे सगळे मिळून मला सांभाळून घेताहेत की काय? ती त्याचा चेहरा निरखू लागली. तोच जाड भिंगांचा चष्मा, तेच कानांवरचे पांढरे केस. काही थांग लागेना. मग तिने ठरवून, पुरत्या शुद्धीवर राहून, एक खोटं तयार केलं — ज्याला आगा ना पिछा असं — आणि सहज म्हणून टाकलं.

"त्या दिवशी वीज गेली होती, नाही का?"

बापू कारण टाइप करत होता. त्याची बोटं थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, किंचित जास्तच वेळ, आणि मग त्याचा आवाज मऊ झाला.

"गेली होती की," तो म्हणाला. "बराच वेळ."

पकडलं तुला, असं म्हणायला हवं होतं. पण राग येईना. उलट सकाळपासूनची भीती अंगातून ओसरत चालली होती, आणि समोरची खोली हळूहळू अंधारत होती — मॉनिटर काळे पडलेले, कुणीतरी चाचपडत खिडकीपाशी जातंय, कुणी हसतंय... हे मी आत्ता रचतेय, तिने स्वतःला बजावलं. आत्ता, इथे बसून. पण उघडलेल्या खिडकीतून गार वारा तिच्या मानेला लागला, आणि तो वारा काही तिने रचला नव्हता.

"खिडकी तू उघडलीस," ती म्हणाली.

"हो," बापू म्हणाला.

आता ती त्याची परीक्षा घेत नव्हती, हे तिला कळत होतं. तिला पुढचं सांगायचं होतं, आणि त्याने फक्त हो म्हणत राहायला हवं होतं.