पेताड उंदराची एकादशी

मित्रांनो, मी परभणीच्या एका प्रयोगशाळेतला म्हातारा पांढरा उंदीर आहे. सांगायला लाज वाटते, पण तरुणपणी मी पक्का पेताड होतो.

माझा जन्मच त्यासाठी झाला. पिंजऱ्याला दोन बाटल्या असत, एकीत पाणी आणि दुसरीत पातळ मद्य. कोण किती प्यायले, हे संशोधक मैथिलीताई रोज सकाळी मोजून लिहीत. माझे घराणे मद्यावर तुटून पडे, शेजारचे नुसते तोंड लावी. हा फरक आईबापांकडून आलेल्या कोणत्या जनुकामुळे, हे ताईंना शोधायचे होते. जवळच्या राणीसावरगावातल्या माणसांनीही जनुकांच्या तपासणीसाठी आपली लाळ दिली होती. त्यांत वैजीनाथ होता. त्याने तीनदा दारू सोडली आणि तीनदा पुन्हा धरली. गाव त्याला मनाचा कच्चा म्हणे. आमच्या बाटल्या भरणाऱ्या कमलबाई त्याची सख्खी बहीण.

सहा महिने झाले तरी आकडे जुळेनात. दर पंधरवड्याला ते वेडेवाकडे होत. मोठे साहेब अण्णासाहेब म्हणाले, "महिनाअखेर जमलं नाही तर काम बंद." ताईंचा चेहरा उतरला. तेव्हा कमलबाई चाचरत पुढे आल्या.

"म्याडम, एकादशीला मी दोनी बाटल्यात निस्तं पाणीच भरते. मुक्या जिवाला त्या दिशी दारू कशी पाजू? माझ्यानं व्हत न्हाई."

झाले! आता बाईंची नोकरी गेली, असे मला वाटले. पण ताईंनी वह्या उलटल्या, पंचांग मागवले आणि त्या ओरडल्याच, "कमलबाई, लय मोठं काम केलंय तुमी!"

एका दिवसाच्या उपासानंतर द्वादशीला माझे घराणे दुप्पट पीत होते. शेजारी मात्र जसेच्या तसे. मग ताईंनी मुद्दाम तसे उपास घडवले. दोन्ही घराण्यांत एका जनुकाचा फरक निघाला, आणि दारू सोडून पुन्हा घसरणाऱ्या माणसांतही तोच जास्त सापडला. अण्णासाहेबांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या व्यसनाचे असे चीज होईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हते!

वैजीनाथच्या लाळेतही तो फरक होता. कमलबाईंनी त्याला माझ्यापुढे उभे केले. "बघ, ह्यो बी तुझ्यावानीच हाय. तू कच्चा न्हाईस. तुला दुसऱ्यापरीस जड जायलंय, इतकंच."

तो ढसाढसा रडला. मग त्याने उपचार घेतले, आणि सोडल्यानंतरचे अवघड दिवस बहीण त्याच्याजवळून हलली नाही. परवा त्याला दारू सोडून वर्ष झाले. गावाने त्याच्या गळ्यात हार घातला!

मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या अंगातच ओढ जास्त असते, तरीही वैजीनाथ जिंकला. म्हणून घसरलेल्याला हसू नका, त्याच्याजवळ बसा. एका पेताडाचे एवढे ऐकाच.